दुसरी प्रत दुसऱ्या घरी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा कृतज्ञतेची आणि आठवणींची भाषणे होतात. छायाचित्रे आणि चित्रफिती कशावर साठवाव्यात, त्यासाठी किती पैसे खर्च करावेत, असल्या रुक्ष विषयावर कोणी बोलत नाही. हा विषय मला संयोजकांनी दिलेला नाही. तो मी हट्टाने मागून घेतला आहे. त्यामागचे कारण प्रथम सांगितल्यावाचून पुढचे काही सांगण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

२०१४ साली आपल्या शाळेचा सुवर्ण महोत्सव झाला, तेव्हा शाळेतील जुने अल्बम, निगेटिव्ह आणि व्हिडिओ कॅसेट एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले. मी बँकेच्या संगणक विभागात नोकरी करीत होतो, त्यामुळे ‘हे काम याचेच’ असे सर्वांनी गृहीत धरले आणि मीही मोठ्या उत्साहाने ते स्वीकारले. चार महिने खपून सुमारे सोळाशे छायाचित्रे स्कॅन केली. अकरा कॅसेटवरील स्नेहसंमेलने संगणकावर उतरवून घेतली. हे सारे मी दोन हार्ड डिस्कांवर भरले, शिवाय डीव्हीडींचा एक संच केला. मग दोन्ही डिस्का आणि तो संच एका जाड लिफाफ्यात घालून कार्यालयात नेऊन दिला आणि सांगितले, “सगळे एकत्रच ठेवा, म्हणजे शोधाशोध होणार नाही.” कॅसेटवर बुरशी धरली होती. “आता यांची गरज नाही,” असेही मीच सांगितले. त्या भंगारात गेल्या.

तो लिफाफा तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात, किंवा आपण बडोदेकर मराठीतही म्हणतो त्याप्रमाणे कबाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात दहा वर्षे सुखरूप होता. ऑगस्ट २०२४मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास पाऊस लागला, आजव्याचे आणि वरच्या भागातले पाणी विश्वामित्रीत आले आणि नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. पुढचे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. कोणाच्या दिवाणखान्यात पाणी होते, कोणाच्या गल्लीत मगर होती. शाळेत तिसऱ्या दिवशी शिरता आले, तेव्हा त्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून गाळ ओघळत होता.

आपल्या सेवकांनी जिवापाड धडपड केली. त्यांनी डिस्का पुसल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या आणि मग काही शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी संगणकाला जोडल्या. एकीतून करकर आवाज आला आणि ती थांबली. दुसरी फिरलीच नाही. त्यांना मी कधीच सांगून ठेवले नव्हते की भिजलेली डिस्क कधीही वीज देऊन पाहू नये. आतील तबकड्या आणि त्यांवरून केसाहूनही कमी अंतराने फिरणारे वाचक टोक यांच्यामध्ये गाळाचा एक कण आला तरी तबकडी खरवडली जाते. तिला न सुकवता, न जोडता, तशीच बंद पिशवीत घालून माहितगाराकडे पाठवावे लागते. आम्ही नंतर पाठवली. साठ हजार रुपये लागतील आणि तरी हमी नाही, असे उत्तर आले. डीव्हीडींचे थर सुटले होते.

एवढ्यावर भागले असते तर मी ते व्यावसायिक नामुष्की म्हणून गिळले असते. परंतु ऑक्टोबरमध्ये आपल्या संगीताच्या बाईंची कन्या शाळेत आली. बाई त्याआधीच्या वर्षी गेल्या. वर्षश्राद्धाला घरच्यांना ऐकवावे म्हणून तिला १९९१च्या स्नेहसंमेलनातील बाईंचे गाणे हवे होते. त्या वर्षी मुलांचे नाटक सुरू होण्यास वेळ लागला, म्हणून बाई स्वतः पेटी घेऊन रंगमंचावर बसल्या आणि पंधरा-सोळा मिनिटे गायल्या. बाई घरी कधी ध्वनिमुद्रण करू देत नसत, त्यामुळे त्यांचे एवढे सलग गाणे दुसरीकडे कुठेच नव्हते. एका पालकांनी काढलेल्या त्या कॅसेटवर ते होते, मग माझ्या डिस्कांवर होते, आणि आता कुठेच नव्हते. सगळ्या गटांवर विचारणा केल्यावर एका विद्यार्थ्याच्या फोनमध्ये एक्केचाळीस सेकंदांचा तुकडा मिळाला. सुवर्ण महोत्सवात पडद्यावर ते गाणे दाखवले तेव्हा त्याने ते फोनने टिपले होते आणि व्हॉट्सअपवरून कोणाला तरी पाठवले होते. चित्र पुसट, आवाज डब्यातून यावा तसा. तिने तो तीनदा ऐकला आणि म्हणाली, “आवाज आईचा आहे, काका, पण फोनवर बोलणाऱ्या आईचा.”

ज्या बँकेत मी सव्वीस वर्षे काढली तिथे रोजच्या नोंदींची प्रत दुसऱ्या गावी जात असे. आमचे पर्यायी केंद्र भूकंपाच्या दृष्टीने वेगळ्या पट्ट्यातील शहरात होते. २६ जानेवारी २००१ नंतर तर त्याचे कारण गुजरातेत कोणाला समजावून सांगावे लागले नाही. म्हणजे मला हे ठाऊक नव्हते असे नाही. लोकांच्या पैशांसाठी जे शिस्तीने करीत होतो ते शाळेच्या आठवणींसाठी करावे असे मला सुचले नाही, एवढीच गोष्ट आहे. आता मुद्द्यावर येतो.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने सुमारे वीस वर्षांपूर्वी या व्यवसायातील अनुभव तीन आकड्यांत मांडला: तीन, दोन, एक. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. माझ्या लिफाफ्याला हा नियम लावून पाहा. तीन प्रती होत्या. साधने दोन प्रकारची होती, चुंबकीय डिस्क आणि डीव्हीडी. केवळ तिसरी अट राहिली, आणि सगळे गेले. म्हणून मी आज साधनांच्या किमती आणि गुणदोष सांगणार असलो, तरी तुम्हांला त्यांतले काही विसरायचेच असेल तर किमती विसरा, अंतर विसरू नका.

ही चूक पूर्वीही झालेली आहे आणि मोठ्या माणसांच्या कामाबाबत झालेली आहे. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रणाची विद्या त्यांनी इथे आत्मसात केली. त्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तिथे ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून अन्यत्र ठेवल्या होत्या, ते चित्रपट आजही पाहता येतात.

आता साधनांविषयी. कोणत्या साधनावर किती विसंबावे याबद्दल पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो, असे मला या आठवड्यातील प्रश्नांवरून दिसले.

घरगुती उपयोगासाठी आजही सर्वांत स्वस्त आणि पुरेशी विश्वसनीय वस्तू म्हणजे तबकडीची, जुन्या पद्धतीची बाह्य हार्ड डिस्क. १ टीबीची डिस्क २०२५च्या सुरुवातीला साधारण पाच हजारांच्या आसपास मिळत होती, २ टीबीची सातएक हजारांत. तिच्यात मोजता येण्याजोगा धोका आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडील लक्षावधी डिस्कांपैकी किती बंद पडल्या याचे आकडे २०१३पासून प्रसिद्ध करते. अलीकडच्या काळात वर्षाला शंभरांत साधारण एक ते दोन असे ते प्रमाण आहे. त्या डिस्का थंड, स्वच्छ, स्थिर जागी फिरत असतात. आपली डिस्क पिशवीतून रिक्षाने जाते आणि टेबलावरून पडते. म्हणून पाच वर्षे झाली की ती चालत असली तरी नवी घ्यावी आणि जुनी जादा प्रत म्हणून ठेवावी. कोणत्या कंपनीची घ्यावी, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. माझे उत्तर असे की दोन डिस्का घेताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, निदान वेगवेगळ्या महिन्यांत घ्या. एकाच घडणीचा दोष दोन्हींत असण्याची शक्यता त्याने कमी होते.

एसएसडी ही चपळ, न फिरणारी, पडली तरी सहसा न बिघडणारी वस्तू आहे आणि रोजच्या कामासाठी ती उत्तम. परंतु तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने असते आणि वीज न मिळता ती दीर्घकाळ पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरतो. वापरून पुरती झिजलेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात, विजेवाचून, एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात धरलेली आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक टिकते, हे खरे. पण बडोद्यातल्या मे महिन्यात बंद कपाटात ३० अंश तापमान कुठून आणणार? कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याची प्रत एसएसडीवर नसावी. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही तर फक्त ने-आण करण्याची साधने. लग्नाचे चित्रण पेन ड्राइव्हवर मिळाले की ते त्याच आठवड्यात दुसरीकडे उतरवावे. बाजारात चारशे रुपयांत ‘२ टीबी’ लिहिलेला पेन ड्राइव्ह मिळतो, त्यात प्रत्यक्षात ३२ जीबीच जागा असते. तो संगणकाला खोटे आकडे सांगतो, फाइलींची नावे दाखवतो आणि उघडायला गेले की आत काही नसते. नव्या साधनाची खरी जागा मोजणारी साधी सॉफ्टवेअर फुकट मिळतात; नवी वस्तू घेतली की एकदा ती तपासणी करून मगच पावती टाकून द्यावी.

डीव्हीडीविषयी फार बोलत नाही. घरी लिहिलेल्या तबकडीतला रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने बिघडतो, आणि नव्या लॅपटॉपमध्ये ती घालायला फटच नसते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले. ज्यांच्या घरी अजून कॅसेट आहेत त्यांनी हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. आणि काम झाल्यावर कॅसेट टाकून देऊ नये, ही विनंती मी कोणत्या तोंडाने करतो आहे ते आपण जाणताच.

क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर, दूर कुठेतरी ठेवलेली आपली प्रत. अंतराची अट ती घरबसल्या पूर्ण करते, म्हणून मी तिचा पुरस्कार करतो, पण तिच्याबद्दलचे तीन गैरसमज दूर केल्यावरच. पहिला, ते फुकट आहे हा. गूगल फोटोजमध्ये अमर्याद मोफत जागा होती ती १ जून २०२१पासून बंद झाली; आता १५ जीबी मिळते आणि त्यात तुमची ईमेलही मोजली जाते. अॅपलकडे ५ जीबी. पुढे १०० जीबीसाठी गूगलला वर्षाला १,३०० रुपये, २ टीबीसाठी ६,५०० रुपये मोजावे लागतात. दुसरा गैरसमज, तिथे मूळ फाइलच राहते हा. ‘जागा वाचवा’ असा पर्याय निवडलेला असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे छायाचित्र लहान केले जाते आणि चित्रफीत १०८० रेषांवर आणली जाते. फोनवर पाहताना फरक कळत नाही; भिंतीवर लावण्याजोगे मोठे छायाचित्र काढायचे ठरले की कळतो.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. फोनमध्ये जे दिसते आणि क्लाउडवर जे दिसते त्या दोन प्रती आहेत, असे आपण समजतो. त्या बहुधा एकमेकींच्या सावल्या असतात. फोनची जागा भरली म्हणून त्याच अॅपमधून छायाचित्र पुसले की क्लाउडवरूनही जाते. साठ दिवस ते कचऱ्याच्या टोपलीत राहते, नंतर कायमचे नाहीसे होते. आपल्याच एका पालकांनी अशा रीतीने मुलीच्या बालवाडीचे पूर्ण वर्ष पुसले आणि त्यांना ते चार महिन्यांनी कळले. एकाच वेळी सर्व ठिकाणी बदल करणारी व्यवस्था सोयीची असते; पण चुकीपासून वाचवायचे तर एक प्रत अशी हवी की जिला आपल्या रोजच्या बोटांचा स्पर्श होत नाही. घरातली डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, असे मी सांगतो त्याचेही हेच कारण. सतत जोडलेली डिस्क विजेच्या झटक्याला आणि खंडणी मागणाऱ्या व्हायरसला संगणकाबरोबरच बळी पडते.

खाते कोणाच्या नावावर आहे, हाही प्रश्न आहे. दोन वर्षे न वापरलेले गूगलचे खाते बंद करून त्यातील सर्व काही पुसण्याचे धोरण २०२३च्या अखेरीपासून अमलात आहे. घरातील कर्ता माणूस गेला, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, पैसे भरणारे कार्डही बंद झाले, तर दोन वर्षांत त्या घराचा सगळा भूतकाळ जातो. माझ्यामागे हे कोणाच्या हाती द्यावे, असे आधीच लिहून ठेवण्याची सोय त्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. दहा मिनिटांचे काम आहे. मृत्युपत्राचा विषय काढायला आपण कचरतो तसेच इथेही कचरतो.

घरासाठी म्हणून मी जे करतो ते सांगतो. वर्षभराची छायाचित्रे मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका डिस्कवर उतरवतो. तशीच दुसरी डिस्क माझ्या धाकट्या बहिणीकडे सुरतेला असते. भाऊबीजेला ती येते किंवा आम्ही जातो, तेव्हा डिस्कांची अदलाबदल होते: माझी ताजी तिच्याकडे जाते, तिच्याकडची जुनी माझ्याकडे येते आणि मी ती भरून घेतो. तिच्या घरच्या छायाचित्रांचीही हीच व्यवस्था आहे. ओवाळणीच्या ताटाशेजारी हार्ड डिस्क पाहून आमच्या आत्याबाई पहिल्या वर्षी हसल्या होत्या. डिस्कला पासवर्ड लावलेला आहे आणि तो दोन्ही घरच्या वहीत लिहिलेला आहे. निवडक अशी, म्हणजे वर्षाला दोनशेच्या आतली छायाचित्रे आणि चार-पाच चित्रफिती, मूळ आकारात क्लाउडवर जातात. त्यासाठी १०० जीबी मला आजवर पुरले आहेत. वर्षाची आठ हजार छायाचित्रे ठेवणाऱ्याला मी दोष देत नाही, पण त्यांतली कोणती ठेवायची हे ठरवणे माझ्याच हातून व्हावे, माझ्या मुलीवर ते ओझे पडू नये, असे मला वाटते.

किती जागा लागेल याचा अंदाज पालकांना असावा. फोनवरील एक छायाचित्र तीन ते पाच एमबीचे असते, त्यामुळे छायाचित्रांनी कोणाचे दिवाळे निघत नाही. जागा खातात त्या चित्रफिती. ४के दर्जाचे एका मिनिटाचे चित्रण फोनच्या सेटिंगनुसार पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी घेते. म्हणजे स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत उभे राहून आपण तासभर हात उंच धरलात, तर दहा-वीस जीबी सहज गेले. (आणि मागच्या पालकांना नाच दिसला नाही, ते वेगळेच.) १०८० रेषांचे चित्रण घरगुती उपयोगाला पुरते आणि त्याच्या एक तृतीयांश जागेत मावते.

व्हॉट्सअपवर आलेले छायाचित्र म्हणजे जपलेले छायाचित्र, असे कृपा करून समजू नका. पाठवताना ते दाबून लहान केले जाते. मूळ फाइल पाठवायची तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते. या स्मरणिकेसाठी आलेल्या छायाचित्रांतील निम्मी आम्हांला छापता आली नाहीत, कारण ती या गटावरून त्या गटावर फिरत आली होती.

आता शाळेकडे परत येतो.

पुराचे कळल्यावर बंगळुरूहून एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. २०१४ साली स्कॅनिंगला मदत करताना तिने छायाचित्रांचे काही फोल्डर स्वतःच्या लॅपटॉपवर घेतले होते आणि नंतर लॅपटॉप बदलताना सवयीने पुढे नेले होते. सोळाशेपैकी १,१४० छायाचित्रे अशी परत आली. १९६४च्या पहिल्या वर्गाचे, भाड्याच्या वाड्यातील, बाक नसताना सतरंजीवर बसलेल्या मुलांचे छायाचित्र त्यांत आहे. ते तुम्ही या स्मरणिकेच्या सुरुवातीला पाहाल. तिने चित्रफिती घेतल्या नव्हत्या, कारण तिच्या लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नव्हती.

या घटनेने मला एक गोष्ट दाखवली. आपल्या मेळाव्यांत नेहमी एक खंत व्यक्त होते की शाळेची मुले पांगली. कोणी पुण्याला, कोणी बंगळुरूला, कोणी कॅनडात. मराठी माध्यमाच्या वर्गांतील पट कमी होत चालला आहे, हेही इथे कोणापासून लपलेले नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेची कागदपत्रे सांभाळायला दुसरे कोणी येणार नाही. उद्या आपले वर्ग मिटले तर इथे इतकी वर्षे मराठीतून भूगोल आणि गणित शिकवले जात होते याचा पुरावा म्हणजे आपली हजेरीपुस्तके आणि ही छायाचित्रे. ती जपण्यासाठी जे अंतर बँका मोठी रक्कम मोजून विकत घेतात, ते पांगलेल्या माजी विद्यार्थ्यांमुळे आपल्याकडे आयतेच आहे.

म्हणून समितीने पुढील व्यवस्था ठरवली आहे. नव्या संग्रहाची एक डिस्क शाळेत राहील, पण पहिल्या मजल्यावर. दुसरी पुण्यातील एका माजी विद्यार्थ्याकडे. तिसरी प्रत क्लाउडवर, शाळेच्या खात्यात, कोणा व्यक्तीच्या नव्हे. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे आणि समितीच्या दोन सदस्यांकडे लिखित स्वरूपात. ६०० डीपीआयने, न दाबता स्कॅन केलेले चार बाय सहा इंचांचे एक छायाचित्र सुमारे २६ एमबी होते. अडीच हजार छायाचित्रे धरली तरी ६५ जीबी, आणि चित्रफितींसह सगळे १ टीबीच्या आत बसते. दोन डिस्कांचे दहा हजार आणि क्लाउडचे वर्षाला साडेसहा हजार, म्हणजे पहिल्या वर्षी साडेसोळा हजार रुपये. या मंडपाच्या विद्युत रोषणाईला याहून अधिक लागले आहेत, असे खजिनदार सांगतात.

फाइलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग असेल, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतील. छायाचित्रे जेपीईजी किंवा टिफ आणि चित्रफिती एमपी४ अशा सर्वत्र उघडणाऱ्या प्रकारांत ठेवू. छायाचित्रातील माणसांची नावे युनिकोडमध्ये टंकलेली असतील. १९९८च्या हस्तलिखिताची टंकलेली प्रत आमच्याकडे आहे, पण ती जुन्या फाँटमध्ये असल्याने तो फाँट नसलेल्या संगणकावर नुसती चिन्हे दिसतात. हीच गत नावांची होऊ नये. आणि दर वर्षी, शाळेच्या वर्धापनदिनाच्या आठवड्यात, समितीचा एक सदस्य तिन्ही प्रती उघडून कुठल्याही वीस फाइली पाहील, चित्रफिती आवाजासह चालवून पाहील, आणि वहीत तारीख घालून सही करील. ही वही मी सुरू केली आहे. पहिली सही माझी आहे, दुसरी संगीताच्या बाईंच्या कन्येने मागून घेतली.

१९९१च्या त्या संमेलनाला दुसराही एक कॅमेरा होता, असे सहावीच्या त्या वेळच्या वर्गशिक्षिका बाई सांगतात. उजव्या बाजूच्या खांबाजवळ, तिवईवर. तो कोणाच्या वडिलांचा होता ते त्यांना आठवत नाही. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या कपाटात त्या सुमाराची एखादी कॅसेट असेल, तिच्यावर ‘लग्न’ लिहिलेले असले तरी, त्यांनी ती घरी चालवून पाहू नये. बुरशी धरलेली टेप जुन्या यंत्रात अडकून तुटते. ती आहे तशी आणावी. चित्रकलेच्या वर्गात, पहिल्या मजल्यावर, आज आणि उद्या संध्याकाळी सहापर्यंत स्कॅनर आणि एक चालू व्हीसीआर मांडून ठेवला आहे. अल्बममधून छायाचित्रे सोडवू नका, पूर्ण अल्बमच आणा. निगेटिव्ह असतील तर तीही. पावती मिळेल आणि मूळ वस्तू तुमच्या हाती परत मिळेल. मी तिथेच बसलेला असेन.